सोमवारचं गवत

सोमवार, १ नोव्हेंबर. ऊन स्वच्छ, वारा नाही. साडेनऊला समोरची खोली झाडून पुसून काढली. चिमणीच्या खेळातलं शेत फार बोडकं दिसतं, म्हणून तिच्या कॉम्प्युटरवर गवत, पानं आणि सावल्या वाढवून ठेवल्या. पाच वाजता तिचा सामना झाला. शेत हिरवंगार दिसत होतं. चिमणी बेकरीवाल्या काकूंकडून ३–१० अशी हरली. संध्याकाळी पडद्याची उसवलेली पट्टी शिवली.

ही नोंद बाईंच्या हातची. त्या गल्लीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की टायपिंगच्या बाई, हे कुणाला सांगावं लागत नसे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी घराच्या समोरच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला होता. अकरा मशीनं, अकरा स्टुलं, भिंतीवर मोठं घड्याळ आणि बाईंच्या टेबलावर पितळी घंटा. मशीन बिघडलं तर मेकॅनिक घरातच होता, म्हणजे बाईंचे यजमान. ते कानावर पेन्सिल खोचावी तसा स्क्रू ड्रायव्हर खोचून घरभर फिरायचे आणि मग तोच शोधत बसायचे. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. टायपिंग त्यांच्याही आधी गेलं होतं. मशीनं एकेक करून लोकांकडे पोचली, स्टुलं गच्चीवर गेली. खोलीत उरलं ते घड्याळ आणि यजमानांनी स्वतः रंगवलेली एक पाटी: ‘दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये.’

डायरी मात्र टायपिंगच्याही कितीतरी आधीची. बाई अकरा वर्षांच्या असताना कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी सिस्टर मुलींना पाच ओळी लिहायला बसवत. तारीख, हवा आणि दिवसभरात जे घडलं ते. मत लिहायचं नाही. मत उद्या बदलतं, घडलेलं बदलत नाही, असं सिस्टरचं म्हणणं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की यजमान गेले त्या दिवसाच्या पानावरही वेळ आणि ‘दुपारनंतर पाऊस’ एवढंच आहे. त्या पानावर शाई जरा फुटली आहे, पण ते काही त्यांनी लिहिलेलं नाही.

चिमणी ही त्यांची नात, मुलाची मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती आणि तेव्हापासून तिची चिवचिव थांबलेली नाही, म्हणून चिमणी. आता एकोणीस वर्षांची. तिचं कॉलेज बाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती आजीकडे राहायला आली. बरोबर दोन पिशव्या कपडे आणि बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेला एक जुना कॉम्प्युटर. तो बरोब्बर त्या पाटीखालच्या टेबलावर बसला.

त्याच्यावर ती नेमबाजीचा एक खेळ खेळायची. दोघं जण एका शेतात उतरतात. शेतात एक पडकी गिरणी, एक विहीर, एक कुंपण, बाकी सगळं गवत. ज्याला गोळी लागते तो धुराचा ढग होऊन नाहीसा होतो आणि गिरणीमागून पुन्हा धडधाकट चालत येतो. दहा वेळा ज्याने समोरच्याचा धूर केला तो जिंकला. बाईंना आधी हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. पण एके दिवशी चिमणीची बोटं कीबोर्डवर चालताना त्यांनी पाहिली आणि त्यांना राहवेना. ही करंगळी कुठे ठेवलीस तू, असं त्यांनी विचारलं. चिमणी म्हणाली, आजी, करंगळीने मी खाली वाकते. बाई म्हणाल्या, करंगळीने फक्त कडेचीच अक्षरं मारायची असतात. त्या दिवसापासून सामना असला की मटारच्या शेंगा घेऊन त्या मागच्या खुर्चीवर बसू लागल्या.

तिथे बसूनच त्यांच्या लक्षात आलं की चिमणीचं शेत अगदी बोडकं आहे. जमीन एकाच तपकिरी रंगाची, झाडांना पानं नाहीत, कुणाला सावली नाही. विहिरीत पाणी तर नाहीच. सुट्टीत मुलाकडे राहायला गेलेल्या बाईंनी तिथल्या मोठ्या पडद्यावर हाच खेळ पाहिला होता, तेव्हा तिथे कमरेएवढं गवत डुलत होतं. पोरीच्या नशिबी असं उजाड रान का? चिमणीने सहज एकदा दाखवलं होतं की हे सगळं एका यादीतून कमीजास्त होतं: गवत, पानं, सावल्या, धुकं, आणि प्रत्येकापुढे ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’. जिने एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने गोल केल्या, तिला तीन शब्दांतून एक निवडणं काय जड? समोरची खोली सोमवारी पुसायची, हा घरचा जुना नेम. त्या सोमवारी धूळ पुसता पुसता बाईंनी गवतही लावून टाकलं.

सोमवारी चिमणीचं प्रॅक्टिकल असे. पाचच्या ठोक्याला ती धापा टाकत यायची, दप्तर फेकायची आणि थेट खेळायला बसायची. त्यामुळे गवत उगवलंय हे तिला शेतात उतरल्यावरच कळलं. एकदा सामना सुरू झाला की सेटिंग बदलता येत नाही, खेळातून बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडला तो हरला. चिमणी गवतात चाचपडत राहिली. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत राहिला. बेकरीवाल्या काकू कुंपणाजवळून आरामात तिचा धूर करत राहिल्या. सामना संपून बाई शेंगा घेऊन आत गेल्यावर चिमणीने अपडेट पाठवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली आणि सगळं गवत पुन्हा उपटून टाकलं. पुढच्या सोमवारी बाई पुसायला आल्या तर शेत बोडकं. मशीनच जुनं, त्याच्या काही लक्षात राहत नसेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा गवत लावलं.

असं चार सोमवार चाललं. दोघींनाही वाटे, मशीन बिघडलंय. दोघीही ते गुपचूप दुरुस्त करत होत्या. चिमणी दर शुक्रवारी जिंकायची आणि दर सोमवारी हरायची. शेवटी तिने वाराचाच धसका घेतला. पहिल्या शुक्रवारी जिंकली तेव्हा अंगात पिवळा टी-शर्ट होता. मग तोच ती सोमवारीही घालू लागली, आणि गुण निघून जाईल म्हणून धुवायला देईना. बाईंना त्याचा वास दारातून यायचा. डायरीत त्यांनी फक्त ‘टी-शर्ट दिला नाही’ असं लिहिलं, कारण वास हे मत झालं असतं.

हे सामने मामाच्या लीगचे. मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या गेमिंग पार्लरचा मालक, पन्नाशीचा, बाईंच्या मुलाच्या वयाचा, तरी बाईसुद्धा त्याला मामाच म्हणत. पूर्वी त्याचं नुसतं झेरॉक्सचं दुकान होतं. झेरॉक्सवाल्याला वकिलीतलं जेवढं कळतं, तेवढं मामाला खेळातलं कळत होतं. त्याच्या दुकानातले सहा कॉम्प्युटर एकदमच आलेले, एकसारखे, आणि ज्याने बसवून दिले त्याने ठेवलेली सेटिंग मामाने आजवर हलवली नव्हती. लीगमधले लोक मात्र घरूनच खेळायचे, ज्याचं त्याचं मशीन, ज्याची त्याची खुर्ची. मामा निकाल वहीत लिहायचा आणि दर्शनी फळ्यावर नावं लावायचा. त्या फळ्यासमोर उभं राहूनच अख्खं कॉलेज झेरॉक्स काढायचं, हे इथे सांगून ठेवायला हवं.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला, चिमणीची गाठ कासवाशी पडली.

कासव म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. हे नाव त्यांनी खेळात स्वतःच घेतलं होतं आणि ते त्यांना दुकानातही शोभायचं, कारण डॉक्टरची चिठ्ठी ते बोट फिरवत दोनदा वाचल्याशिवाय फळीकडे वळत नसत. वय पंचेचाळीस. खेळण्याची तऱ्हाही तीच. विहिरीजवळच्या दाट गवतात पालथं पडायचं आणि समोरचा कंटाळून जवळ येईपर्यंत हलायचं नाही. तीन महिन्यांत त्यांना तिथे कुणी शोधू शकलं नव्हतं. चिमणीने त्यांना पहिल्या मिनिटातच उडवलं. मग पुन्हा उडवलं. सामना १०–१ असा संपला, आणि तो एकही चिमणीला शिंक आली म्हणून मिळाला.

कासव रागाने तणतणणारे नव्हते. त्यांनी सामन्याचं रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. त्यांच्या पडद्यावर ते गळ्यापर्यंत गवतात होते. एवढ्या गवतातून माणूस दिसणं शक्यच नाही. म्हणजे पोरीने भिंतीपलीकडचं दिसण्याचा एखादा चोरटा प्रोग्रॅम बसवला असणार. ते शांतपणे दुकान बंद करून मामाकडे गेले आणि तसं सांगून आले.

मामाने चिमणीला बोलावलं. ती म्हणाली, मी फक्त सेटिंग कमी ठेवते. मामा म्हणाला, सेटिंगने चित्र साधं होतं, लपलेला माणूस दिसायला लागत नाही. घरी येऊन बघा, असं ती म्हणाली, तर मामाने हात झटकले. आता काय बघणार? असेल ते काढून टाकलं असशील. रविवारी तीन वाजता सगळ्यांसमोर काय ते सिद्ध कर, नाहीतर नाव खोडून शेजारी कारण लिहावं लागेल. नियम आहे तो.

शनिवारी चिमणीची चिवचिव बंद होती. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. दुपारी बाई शेंगा सोलत तिच्याजवळ जाऊन बसल्या. चिमणी आपणहून बोलली.

“आजी, काकांना वाटतं ते गवतात आहेत. माझ्याकडे गवतच नाहीये. ते मोकळ्या जमिनीवर पालथे पडलेले असतात, वाळत घातल्यासारखे. मी काय त्यांची तब्येत विचारून पुढे जाऊ?”

गवत का नाही, असं बाईंनी विचारलं.

“मीच बंद केलंय. लावलं की हा डबा अडखळतो, पाऊल टाकलं तरी फोटो काढल्यासारखं दिसतं. आणि बंद केलं की लपलेले उघडे पडतात, हेही खरं. पण ते खेळातच दिलंय, मी बाहेरून चोरून नाही आणलं. नाव खोडलं तर खोडू दे गं. पण शेजारी ‘चोरी’ लिहिणार. परवा सगळा वर्ग तिथे नोट्सच्या झेरॉक्स काढायला उभा असेल.” मग नाक ओढून ती म्हणाली, “आणि नशीब बघ, दर सोमवारी अपडेट येतो आणि मेलं सगळं गवत परत उगवतं.”

बाईंचा अंगठा शेंगेतच थांबला.

“दर सोमवारी?” त्यांनी विचारलं.

“दर सोमवारी.”

बाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी डायरी उघडली. एक तारीख, आठ, पंधरा, बावीस. गवत वाढवलं, हरली. गवत वाढवलं, हरली. स्वतःच्याच सुबक अक्षरात चारदा लिहिलेलं, आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. घडलं ते लिहायचं, त्यावर विचार करायचा नाही, अशी काही सिस्टरची शिकवण नव्हती, पण होता होता ते तसं झालं होतं.

त्या परत समोरच्या खोलीत आल्या तर समोर पाटी. ‘दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये.’ याच पाटीखाली उभं राहून त्यांनी शेकडो पोरांना दम दिला होता. एकाला तर आठवडाभर क्लासला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, नुसती शेजारच्या मशीनची रिबन सैल केली म्हणून. आता नातीला काय सांगायचं? की बाळ, तुझे चार सामने मी घालवले, शेत छान दिसावं म्हणून? बाईंनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा चहा ठेवू का असं विचारलं, दुसऱ्यांदा खिडकी लावू का. चिमणीने दोन्ही वेळा मान हलवली आणि बाई दोन्ही वेळा सुटल्यासारख्या आत गेल्या.

पण चोरीचा शिक्का पुसायचा तर हे बोलावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी अडीच वाजता चिमणीचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत बसवला. पडदा चिमणीने पोटाशी धरला. बाईंच्या खांद्याच्या पिशवीत डायरी होती आणि, का कोण जाणे, पितळी घंटा. पार्लरमध्ये कासव आधीच आले होते, स्वतःचं मशीन स्कूटरवर पायाशी ठेवून आणलेलं. नवंकोरं, एका बाजूला काच असलेलं, आत निळा दिवा. बाईंना पाहताच ते खुर्चीवरून उठले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी तेही त्या समोरच्या खोलीत स्टुलावर बसले होते. बेकरीवाल्या काकू आणि लीगमधले इतर चारपाच जण भिंतीला टेकून उभे होते.

मामाने चिमणीला विचारलं, काय पुरावा आहे? ती काही बोलण्याआधीच बाई म्हणाल्या, “पुरावा माझ्याकडे आहे. मामा, तुझी वही काढ. मी तारीख वाचते, तू निकाल सांग.”

त्यांनी चष्मा लावून एक तारखेची नोंद वाचली. मामाने वहीवर बोट ठेवलं, तीन–दहा, बरोबर. आठ तारीख, गवत वाढवलं. चार–दहा. पंधरा, दोन–दहा. बावीस, पाच–दहा. मग बाईंनी शुक्रवार वाचले. शुक्रवारी झाडपूस नसते, त्यामुळे गवताचा उल्लेख नाही, आणि चारही शुक्रवारी चिमणी जिंकलेली. मामाचं बोट दर वेळी डायरीतल्याच आकड्यावर जाऊन थांबलं. कासव पुढे वाकून पाहत होते. पानांवर कुठे खाडाखोड नव्हती, आणि बाईंच्या डायरीत नंतर काही घुसडलेलं असेल असं म्हणायची त्या खोलीत कुणाची टाप नव्हती.

“शेत तेच, बंदूक तीच, मुलगीही तीच,” बाई म्हणाल्या. “गवत असलं की हरते, नसलं की जिंकते. हिच्याकडे चोरीचा प्रोग्रॅम असता तर त्याने गवतातूनही दाखवलं असतं. का तो दर सोमवारी सुट्टीवर जायचा?”

बेकरीवाल्या काकू फिसकन हसल्या. मग त्यांना कळलं की आपण जिंकलो तो सोमवार होता, आणि त्यांनी हसू आवरलं.

मामाने डोकं खाजवलं. “ते पटलं, बाई. पण मला सांगा, दर सोमवारी हे गवत वाढवत कोण होतं?”

“मी,” बाई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढून हातात धरला आणि सगळं सांगितलं, बोडकं शेत, झाडपूस, मुलाकडचं डुलणारं गवत, अगदी पाटीसकट. बोलताना त्या चिमणीकडे पाहत नव्हत्या, वहीच्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. सांगून झाल्यावर मात्र पाहावंच लागलं.

चिमणीचं तोंड उघडंच होतं. “म्हणजे अपडेट नव्हता?”

“नाही.”

“चारही वेळा तू?”

“चारही वेळा. तुला बरं वाटावं म्हणून.”

चिमणीने आधी आजीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगातल्या पिवळ्या टी-शर्टकडे. “आणि मी महिनाभर हा घालून फिरतेय,” ती म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. शुक्रवारपासून दाबून ठेवलेली चिवचिव एकदम बाहेर पडली. बाईंच्या जिवात जीव आला.

मामाने वही मिटली आणि चोरी झालेली नाही असं जाहीर केलं. पण कासव अजून उभेच होते.

“चोरी नाही, मान्य,” ते सावकाश म्हणाले. “मी उगाच आळ घेतला, चिमणे, चुकलं माझं. पण बाई, हे तरी बरोबर आहे का? पातं न पातं दिसावं म्हणून मी एवढं चांगलं मशीन घेतलं. आता ते गवत फक्त मलाच आंधळं करतं. हिच्यासाठी ते उगवलेलंच नाही.”

चिमणी म्हणाली, काका, माझा डबा गवत ओढू शकत नाही, मग मी खेळूच नको का? दोघांचंही खरं होतं, आणि त्यामुळेच मामाचा चेहरा पडला. तो बाईंकडे पाहायला लागला. बाईंनी पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली, आणि कासवांच्या चेहऱ्यावर एकदम पंचवीस वर्षांपूर्वीचं भय उमटलं.

“सात नंबरचं मशीन कोण अडवून बसायचं रे?” बाईंनी विचारलं.

कासव खाली पाहत म्हणाले, “मी.”

सात नंबर हे क्लासमधलं सगळ्यात हलकं मशीन. बटणं लोण्यासारखी खाली जायची. तीन नंबरचं इतकं जड की त्यावर बसणाऱ्याची बोटं दुखायची. एकदा चाचणीत तीन नंबरवरची मुलगी नापास झाली आणि तिच्यापेक्षा कच्चा मुलगा सात नंबरवर पास झाला, तेव्हापासून बाईंनी चाचणीला एक नियम केला. अर्धा वेळ झाला की घंटा. घंटा झाली की सगळ्यांनी उठायचं आणि शेजाऱ्याच्या मशीनवर बसायचं. ज्याची बोटं चांगली तो दोन्हीकडे चालतो. बाकीच्यांचं नुसतं मशीन चालत असतं. कासवांना हा नियम मुळीच आवडत नसे. घंटा झाली तरी ते सात नंबरला चिकटून राहायचे आणि त्यांना खांद्याला धरून उठवावं लागायचं.

“शुक्रवारी अर्धी चाचणी झाली,” बाई म्हणाल्या. “आता उठा आणि मशीनं बदला.” आणि त्यांनी घंटा वाजवली.

चिमणी निळ्या दिव्याच्या मशीनसमोर बसली, कासव चादरीतून निघालेल्या डब्यासमोर. दोघांच्या पडद्यावर एकाच वेळी शेत उघडलं. चिमणीच्या तोंडून नुसता “अगंबाई” एवढाच शब्द निघाला, कारण गवत तिच्या डोळ्यांवर येत होतं, पण इथे ते अडखळत नव्हतं, लाटेसारखं वाहत होतं. ती त्यात शिरली आणि चक्क लपून बसली. कासव मात्र गिरणीजवळ उभे होते आणि हलायला तयार नव्हते.

“हे नांगरलंय का कुणी?” त्यांनी विचारलं. मग ते विहिरीजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेपाशी गेले. तिथे गवताची काडी नव्हती. सपाट तपकिरी जमीन, चारी बाजूंनी उघडी. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी तीन महिने इथे झोपत होतो?”

“उघड्यावर,” चिमणी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

त्या उघड्या जमिनीवर पलीकडे कुंपणाशी त्यांना एक आकृती उकिडवी बसलेली दिसली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, अगदी निर्धास्त. ती चिमणी. कासवांनी चिठ्ठी वाचावी तसा सावकाश नेम धरला आणि तिचा धूर केला. तिला कळलंही नाही की गोळी कुठून आली. सामना १०–२ असा संपला, कासव जिंकले, आणि जिंकल्यावर त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही.

बाईंनी मामाच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या. शुक्रवारी १०–१. आज १०–२. “जिंकणारा बदलला,” त्या म्हणाल्या, “मशीन तेच राहिलं.”

आता मामाला सांगायची गरज उरली नव्हती. सगळ्यांनी एकाच सेटिंगवर खेळायचं, हे त्याने स्वतःच ठरवलं. पण कुठल्या सेटिंगवर? कासव ‘हाय’ म्हणाले तर चिमणीचा डबा घोंघावत बंदच पडला. ‘मीडियम’वर फोटो निघायला लागले. बाईंचं म्हणणं पडलं की सगळ्यात जुन्या मशीनला जेवढं गवत ओढवेल तेवढंच सगळ्यांनी लावावं. मग बेकरीवाल्या काकू, मामा आणि लीगमधले सगळे त्या जुन्या डब्याभोवती जमले आणि एकेक पायरी चढवत गेले. शेवटी गवत घोट्याएवढं ठरलं. आणि सावल्या सगळ्यांच्या बंद.

“घोट्याएवढं,” कासव खिन्नपणे म्हणाले. “त्यात बेडूक लपेल, कासव नाही.”

“मग आता चालायला शिका, काका,” चिमणी म्हणाली. मामाने शुक्रवारचा सामना रद्द करून पुढच्या शुक्रवारी नव्याने लावला. सोमवारचे चारही निकाल मात्र जसेच्या तसे राहिले. चिमणीने ते परत मागितले नाहीत, कारण ते तिच्या घरातूनच गेले होते.

नियमाची सूचना लावायची होती. मामा दोन बोटांनी अक्षरं शोधायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला खुर्चीवरून उठवलं. त्यांची दहाही बोटं कीबोर्डवर पडली आणि खोलीतले सगळे तो आवाज ऐकू लागले. गवत अमुक, पानं तमुक, सावल्या बंद, सामन्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने सेटिंगचा फोटो मामाकडे पाठवायचा. खाली त्यांनी स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली, दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये. एकही चूक नव्हती. मामाने कागद फळ्याच्या मधोमध लावला, नावांच्या यादीशेजारी. यादीत चिमणीचं नाव होतं तिथेच होतं. कासवांनी ते बोट फिरवत दोनदा वाचलं, मान डोलावली आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून स्कूटर काढली.

घरी येताना पिशवीची चाकं कुरकुरत होती. चिमणी अर्ध्या वाटेपर्यंत आज गवतात बसून कसं वाटलं तेच सांगत होती. मग तिने एकदम विचारलं, आजी, खरंच एवढं बोडकं दिसायचं का गं? बाई म्हणाल्या, फार. बघून जीव तुटायचा. चिमणीने बाईंच्या खांद्यावरची घंटेची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि उद्यापासून टेबल मी पुसणार असं सांगून टाकलं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त, आता तरी तो टी-शर्ट काढ, एवढंच म्हटलं.

त्या संध्याकाळी पाच ओळींतली शेवटची ओळ अशी होती: पिवळा टी-शर्ट दोनदा साबण लावून धुतला, मागच्या दोरीवर वाळत घातला.